कन्व्हर्टिबल कार सीट निवडताना: मूल किती काळ पाठमोरे बसू शकेल?

कन्व्हर्टिबल कार सीट दोन दिशांनी वापरता येते. सुरुवातीची काही वर्षे मूल तिच्यात गाडीच्या पाठीमागच्या काचेकडे तोंड करून, म्हणजे प्रवासाच्या दिशेला पाठ करून बसते, आणि पुढे तीच सीट उलटी लावून मुलाला समोर तोंड करून बसवता येते. बाजारात अशा सीटची तुलना होते ती किंमत, गादीची जाडी, कापडाचा रंग, गोल फिरणारा तळ आणि ‘० ते ३६ किलो’ अशा ठळक आकड्यांवरून. यापैकी एकही गोष्ट अपघाताच्या क्षणी मुलाच्या मानेचे काय होईल हे सांगत नाही. ते दोन प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते: ही सीट मुलाला पाठमोरे किती वजनापर्यंत आणि किती उंचीपर्यंत बसू देते, आणि आपल्या गाडीत ती दरवेळी घट्ट व बरोबर बसते का. बाकीच्या सोयींचा विचार त्यानंतर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत भौतिकशास्त्रातून येते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी समोर आदळली, तर आतल्या प्रत्येकाला सेकंदाला सुमारे १४ मीटर हा वेग अगदी थोड्या वेळात गमवावा लागतो. जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणाऱ्या वस्तूचा जमिनीला टेकतानाचा वेग एवढाच असतो. सीटला नीट बांधलेले मूल एक दशांश सेकंदात थांबले असे धरले, तर त्याच्यावरचा सरासरी त्वरणाचा भार गुरुत्वाकर्षणाच्या १४ पट होतो आणि १० किलोच्या बाळाला रोखायला सुमारे १४० किलो वजनाइतके बल लागते. आईच्या मांडीवरचे बाळ धडकेत हातातून का निसटते, याचे उत्तर या एका आकड्यात आहे. एवढे बल कोणत्याही माणसाच्या हातांत नसते. सीट हे बल नाहीसे करत नाही. ते शरीराच्या कोणत्या भागावर आणि किती क्षेत्रफळावर पडेल, एवढेच ती ठरवते, आणि बसण्याची दिशा इथेच निर्णायक ठरते.

समोर तोंड करून बसलेल्या मुलाचे धड खांद्यांवरचे आणि कमरेवरचे पट्टे धरून ठेवतात, पण डोक्याला धरणारे काहीच नसते. ते पुढे झेपावते आणि त्याला मागे खेचून थांबवण्याचे सगळे काम मानेवर येते. प्रौढ माणसाचे डोके त्याच्या वजनाच्या सहा-सात टक्के असते, तर वर्षभराच्या बाळाचे डोके एकूण वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा भरते. अडीच किलोचे डोके वर सांगितलेल्या धडकेत सुमारे ३५ किलोच्या ओढीने मान ताणते, आणि हा सरासरीचा हिशेब झाला. प्रत्यक्ष धडकेतला कमाल ताण याहून बराच अधिक असतो. त्यात त्या वयाची मान अजून पुरती घडलेली नसते. लहान मुलाच्या मानेतील मणके एकसंध हाडाचे नसून कूर्चेने जोडलेल्या तुकड्यांचे असतात आणि बहुतेक मणक्यांत हे तुकडे साधारण ३ ते ६ वर्षांच्या काळात पूर्णपणे जुळून येतात. अस्थिबंधही सैल असतात. त्यामुळे मणके एकमेकांपासून जेवढे दूर ताणले जाऊ शकतात, तेवढा ताण आतला मज्जारज्जू सहन करू शकत नाही. पाठमोऱ्या मुलाचे डोके, मान आणि पाठ मात्र समोरच्या धडकेत एकाच वेळी सीटच्या कवचात दाबली जातात, बल संपूर्ण पाठीवर पसरते आणि डोके धडापासून वेगळे धावत नाही.

ही कल्पना स्वीडनमधून आली. चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठाशी जोडलेले बर्टिल आल्डमन यांनी अमेरिकेच्या जेमिनी यानातील अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून, शरीराच्या आकाराच्या आसनात कसे बसतात हे पाहिले आणि तोच विचार लहान मुलांसाठी वापरला. १९६४ मध्ये व्होल्वोच्या गाडीत अशा पाठमोऱ्या सीटचा पहिला नमुना तपासला गेला. स्वीडनमध्ये मुलांना चार वर्षांच्या आसपास होईपर्यंत पाठमोरे बसवण्याची पद्धत तेव्हापासून रुजली आहे. मानेवरचा ताण मोजून त्यावर मर्यादा घालणारी ‘प्लस टेस्ट’ नावाची ऐच्छिक चाचणीही त्याच देशाची असून, ती पाठमोऱ्या सीटच पार करतात.

इथे विज्ञानाच्या प्रामाणिकपणाची एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते, कारण ‘पाठमोरी सीट पाचपट सुरक्षित’ हे वाक्य आजही सर्वत्र फिरते. ते २००७ मध्ये ‘इन्ज्युरी प्रिव्हेन्शन’ या नियतकालिकात आलेल्या, अमेरिकेतील अपघातांच्या आकडेवारीवर आधारलेल्या शोधनिबंधातून पसरले. मुलांना दोन वर्षांचे होईपर्यंत पाठमोरे बसवावे ही अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीची २०११ मधील शिफारसही त्याचा आधार घेत होती. पुढे त्या आकडेमोडीत चूक असल्याचे लक्षात आले, निबंध मागे घेण्यात आला, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फेरविश्लेषणातून असे दिसले की दोन्ही दिशांना बसलेल्या, सीटला बांधलेल्या मुलांपैकी गंभीर जखमी झालेल्यांची संख्या इतकी थोडी आहे की त्यावरून निश्चित पट सांगता येत नाही. पाठमोरे बसवणे निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ मुळीच नाही. शरीररचना, चाचण्यांतील मापने आणि स्वीडनचा दीर्घ अनुभव हे पुरावे तसेच उभे आहेत. अकादमीने २०१८ मध्ये दोन वर्षांची अट काढून ‘सीटच्या उंचीच्या व वजनाच्या मर्यादेपर्यंत, शक्य तितका काळ पाठमोरे’ अशी शिफारस केली. म्हणूनच वयापेक्षा सीटच्या मर्यादेचा आकडा महत्त्वाचा ठरतो.

भारतात मिळणाऱ्या बहुसंख्य सीटवर नारिंगी लेबल असते आणि त्यावर ‘ईसीई आर-४४/०४’ ही संयुक्त राष्ट्रांच्या जुन्या नियमाची खूण असते. भारताचे स्वतःचे मानक एआयएस-०७२ आहे. आर-४४ मध्ये मुलांचे गट वजनावरून पाडले आहेत: शून्य-अधिक गट १३ किलोपर्यंत, पहिला गट ९ ते १८ किलो, दुसरा १५ ते २५ आणि तिसरा २२ ते ३६. नेहमीची कन्व्हर्टिबल सीट शून्य-अधिक आणि पहिल्या गटाची असते, म्हणजे १३ किलोपर्यंत पाठमोरी आणि ९ ते १८ किलोपर्यंत समोर तोंड करून. हे आकडे जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्याशेजारी ठेवून पाहावेत. मध्यम वजनाचा मुलगा ९ ते १० महिन्यांतच ९ किलोचा होतो, सव्वादोन ते अडीच वर्षांच्या दरम्यान १३ किलोवर जातो आणि १८ किलो गाठायला त्याला जवळपास पाच वर्षे लागतात. याचा अर्थ, लेबल शब्दशः घेतले तर अंगाने भरलेले, अजून धड उभेही न राहणारे बाळ केवळ वजनाच्या जोरावर समोर तोंड करून बसवता येते. नियम परवानगी देतो म्हणून ते करू नये. ९ किलो हा दिशा बदलण्याचा मुहूर्त नव्हे, १३ किलो ही थांबण्याची मर्यादा आहे.

आय-साइझ या नावाने ओळखला जाणारा आर-१२९ हा नियम २०१३ मध्ये लागू झाला, तो ही त्रुटी दूर करण्यासाठी. त्यात सीट मुख्यतः उंचीवरून निवडायची असते, मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत त्याला समोर तोंड करून बसवण्यास मनाई आहे, बाजूने होणाऱ्या धडकेची चाचणी सक्तीची आहे आणि अधिक संवेदक बसवलेले सुधारित पुतळे वापरून डोक्याला बसणाऱ्या धक्क्यावरही मर्यादा घातली आहे. आर-४४ मध्ये बाजूच्या धडकेची चाचणीच नाही. युरोपीय संघात सप्टेंबर २०२४ पासून आर-४४ च्या नव्या सीट विकता येत नाहीत. परवडत असेल आणि गाडी अनुकूल असेल, तर आर-१२९ ची, आणि त्यातही १०५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाठमोरी राहणारी सीट घ्यावी, असे मी निःसंकोच म्हणेन, कारण मध्यम उंचीची मुले ही उंची चौथ्या वाढदिवसानंतर गाठतात. मात्र आयसोफिक्सने, म्हणजे बेल्टऐवजी गाडीच्या सांगाड्यातील कड्यांना, जोडायच्या अशा सीटमध्ये सीट आणि मूल यांचे एकत्रित वजन ३३ किलोंपेक्षा जास्त चालत नाही. सीटच १५ किलोची असेल, तर मुलासाठी १८ किलोच उरतात. त्यामुळे उंचीबरोबर वजनाची मर्यादाही वाचावी लागते.

‘० ते ३६ किलो’ असे लिहिलेल्या, जन्मापासून बारा वर्षांपर्यंत पुरतील म्हणून विकल्या जाणाऱ्या सीटकडे विशेष बारकाईने पाहावे. त्यांतील अनेक सीट पाठमोऱ्या १३ किलोंपर्यंतच चालतात, त्यांचा स्वतःचा पाच ठिकाणी धरणारा हार्नेस, म्हणजे सीटचेच पट्टे, १८ किलोंपर्यंत असतो, आणि त्यापुढे मुलाला गाडीचाच सीट बेल्ट लावायचा असतो. मोठा आकडा दिसतो तो या शेवटच्या अवस्थेचा. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांना वेगळे चित्र दिसेल: तिथल्या बऱ्याच कन्व्हर्टिबल सीट ४० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे १८ किलोंपर्यंत पाठमोऱ्या चालतात आणि काही ५० पौंडांपर्यंतही. नातेवाइकांकडून तशी सीट भारतात मागवण्याचा मोह होतो, परंतु अमेरिकी गाड्यांतील मागच्या सीटचा बेल्ट पूर्ण ओढल्यावर अडकून घट्ट राहील अशी सोय असते. आपल्याकडील बेल्ट सहसा फक्त झटका बसल्यावरच अडकतात. ज्या सीटमध्ये बेल्ट पकडून ठेवणारी स्वतःची पकड नाही, ती इथल्या गाडीत सैल राहते.

सीट गाडीत कशी बसते हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच कळीचा आहे. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या २०१५ मधील पाहणीत ४६ टक्के चाइल्ड सीट चुकीच्या पद्धतीने वापरल्या जात असल्याचे आढळले, आणि हे त्या देशात जिथे ही सवय कित्येक दशकांची आहे. आयसोफिक्समध्ये गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या दोन धातूच्या कड्यांत सीटचे आकडे अडकवायचे असल्याने चुकीला वाव कमी राहतो, पण त्याला तिसरा आधार लागतोच: एकतर जमिनीवर टेकणारा पाय किंवा सीटच्या माथ्यावरून मागे बांधायचा पट्टा. टेकणारा पाय ज्या जागी येतो तिथे गाडीच्या तळात पोकळ कप्पा असेल, तर तो तिथे टेकवू नये. बेल्टने लावायच्या पाठमोऱ्या सीटला बेल्ट संपूर्ण कवचाभोवती फिरवावा लागतो आणि काही जुन्या गाड्यांत तो पुरत नाही. छोट्या हॅचबॅकमध्ये तर रेललेली पाठमोरी सीट पुढच्या सीटला इतकी भिडते की पुढे बसणाऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकतात, म्हणून विकत घेण्यापूर्वी ती आपल्याच गाडीत लावून पाहण्याचा आग्रह धरावा. बसवल्यावर बेल्ट किंवा आयसोफिक्स जिथे सीटला धरतो तिथे धरून ती हलवावी. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकली, तर पुन्हा घट्ट करावी. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर पाठमोरी सीट कधीही लावू नये, कारण उघडणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते.

नवजात बाळासाठी रेलण्याचा कोन श्वासाशी जोडलेला आहे. सीट फार उभी असेल, तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीवर येते आणि अरुंद श्वासमार्ग दबतो. म्हणून सीटवरील कोनदर्शक खुणेप्रमाणे तिला पुरेसे रेलवावे, आणि मूल मोठे होऊन मान सावरू लागले की पुस्तिकेच्या मर्यादेत अधिक उभे करावे. खांद्याचे पट्टे पाठमोऱ्या मुलासाठी खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खालून आणि समोर तोंड करून बसलेल्यासाठी खांद्यांच्या पातळीला किंवा वरून यायला हवेत, आणि खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता येत असेल, तर तो अजून सैल आहे. हिवाळ्यात महाबळेश्वरला जाताना घातलेल्या जाड जाकिटाचा फुगीरपणा धडकेत दबतो आणि तेवढीच ढील पट्ट्यात पडते. पट्टे बांधून वरून शाल पांघरावी.

पाय दुमडून बसावे लागते म्हणून मुलाचे तोंड लवकर समोर करणारे पालक बरेच भेटतात. त्यांची काळजी मी समजू शकतो, पण मुले मांडी घालून किंवा पाय वर करून सहज बसतात. समोरच्या धडकेत पायांना धोका अधिक असतो तो समोर तोंड करून बसलेल्यांना, कारण त्यांचे पाय पुढे फेकले जाऊन पुढच्या सीटच्या पाठीवर आपटतात.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आलेल्या १९४-ब या कलमानुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा चाइल्ड सीटने न बांधता गाडी चालवल्यास १,००० रुपये दंड आहे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू असलेल्या भारत एनकॅप या गाड्यांच्या धडक-चाचणी कार्यक्रमात मुलांच्या सुरक्षेला ४९ गुण असून त्यासाठी दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे वापरले जातात. अशाच चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अलीकडच्या अनेक चाचण्यांत तीन वर्षांचा पुतळाही पाठमोरा बसवलेला असतो. गाडी घेताना या अहवालांतील मुलांविषयीचा भाग वेगळा वाचावा, कारण प्रौढांसाठीच्या आणि मुलांसाठीच्या सुरक्षेचा दर्जा सांगणारे तारे स्वतंत्रपणे दिलेले असतात.

चुलत-मावस भावंडांची सीट वापरायला घेण्यात काही गैर नाही, फक्त तिचा इतिहास खात्रीने माहीत हवा. मध्यम किंवा मोठ्या अपघातात सापडलेल्या सीटचे कवच बाहेरून शाबूत दिसले, तरी ती टाकून द्यावी. उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत सहसा कवचाच्या खाली किंवा मागे छापलेली असते. बहुतेक कंपन्या ६ ते १० वर्षांची मुदत देतात, कारण उन्हात तापून आणि थंड होऊन प्लास्टिक ठिसूळ होते. तारीख सापडत नसेल किंवा पुस्तिका हरवली असेल आणि कंपनीच्या संकेतस्थळावरही मिळत नसेल, तर पाठमोरी मर्यादा किती आणि बेल्टचा मार्ग कोणता हे कळण्याचा उपायच उरत नाही. अशी सीट फुकट मिळाली, तरी घेऊ नये.