केड्स कोव्ह येथील चर्चवास्तू

अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील ब्लाउंट परगण्यात, ॲपलाचियन पर्वतराजीत वसलेल्या केड्स कोव्ह या खोऱ्यातील तीन लाकडी चर्चवास्तू : प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट (१८८७), मेथडिस्ट (१९०२) व मिशनरी बॅप्टिस्ट (१९१५-१६). खोऱ्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. असून आज ते ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात मोडते. चेरोकी लोक या जागेला ‘पाणमांजरांचे ठिकाण’ अशा अर्थाच्या नावाने ओळखत. ‘केड’ कोण, याविषयी एकमत नाही. ते एका चेरोकी प्रमुखाचे नाव असावे, हे मत जास्त ग्राह्य वाटते. अब्राहम या दुसऱ्या एका चेरोकी प्रमुखाच्या पत्नीच्या ‘केट’ या नावावरून ते आले असल्याचेही सांगतात. जॉन व लुरेना ऑलिव्हर हे पहिले गोरे रहिवासी १८१८ च्या सुमारास येथे आले. चेरोकींचा या भूमीवरील हक्क मात्र १८१९ च्या कॅल्हूनच्या तहाने संपला. म्हणजे पहिली चूल पेटली ती परक्या जमिनीवर. हे दांपत्य प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट चर्चच्या दफनभूमीत विसावले आहे.

बॅप्टिस्ट, म्हणजे सज्ञान श्रद्धावंतालाच पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाची, मंडळी (सभासदांचा स्थानिक समूह) येथे १८२७ मध्ये स्थापन झाली व १८३२ मध्ये तिने ओंडक्यांचे चर्च बांधले. पुढे तिच्यात जी फूट पडली, तिचे मूळ शोधताना मराठी वाचकाला ओळखीची नावे भेटतात. १८१२ मध्ये अमेरिकन बोर्ड या संस्थेचे गॉर्डन हॉल, सॅम्युअल नॉट व ल्यूथर राइस एकाच जहाजाने फिलाडेल्फियाहून कलकत्त्यास निघाले. हॉल व नॉट १८१३ मध्ये मुंबईत पोचले आणि अमेरिकन मराठी मिशनचा पाया घातला गेला. अहमदनगरचे काम व ‘ज्ञानोदय’ ही त्याच झाडाची फळे. राइस यांनी मात्र कलकत्त्यात मत बदलून बॅप्टिस्ट पद्धतीने बाप्तिस्मा घेतला, ते मायदेशी परतले आणि परदेशी मिशनांसाठी बॅप्टिस्ट मंडळ्यांकडून वर्गणी गोळा करू लागले. १८१४ मध्ये फिलाडेल्फियात बॅप्टिस्टांची राष्ट्रीय मिशन-परिषद भरली. डोंगराळ मुलखातील अनेक मंडळ्यांना हा उद्योग पटला नाही. तारण (पापातून मुक्ती) ईश्वराने आधीच नेमलेल्यांचे होते, त्यासाठी माणसांनी सोसायट्या काढाव्यात असे शास्त्रात कोठेही नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रविवारच्या शाळा, मद्यपानबंदी मंडळे व पगारी पाळक यांनाही त्यांचा विरोध होता. १८३२ मध्ये मेरीलँडमधील ब्लॅक रॉक येथे या पक्षाने आपली भूमिका लेखी मांडली. हा विरोध धर्मतत्त्वाचा, की पूर्वेकडील शिकलेल्या व सधन पुढाऱ्यांविषयीच्या अविश्वासाचा, यावर अभ्यासकांत वाद आहे. दुसऱ्या कारणाला अलीकडे फार महत्त्व दिले जाते. पण जे लोक तासन्‌तास धर्मतत्त्वावर वाद घालत, त्यांचे शब्द आधी त्यांच्याच अर्थाने वाचावेत, हे बरे. केड्स कोव्हमध्ये १८३९ साली मिशनच्या बाजूच्या सभासदांना मंडळीतून वगळण्यात आले. त्यांनी वेगळी मंडळी स्थापली व मागे राहिलेल्यांनी ‘प्रिमिटिव्ह’, म्हणजे मूळ रीतीचे, हे नाव घेतले.

अमेरिकन यादवी युद्धात (१८६१-६५) खोऱ्यातील बहुतेक घरे संघराज्याच्या, म्हणजे दक्षिणेकडील बंडखोर राज्यांविरुद्धच्या, बाजूची होती. प्रिमिटिव्ह मंडळीच्या सभावृत्तांत १८६२ ते १८६५ या काळात सभा का भरल्या नाहीत, याचा खुलासा आहे : आपण संघराज्याचे लोक असून बंडखोरांचा येथे जोर होता. नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी मारलेल्या रसेल ग्रेगरी यांची कबर याच आवारात आहे व मारेकऱ्यांचा उल्लेख तिच्या दगडावर कोरलेला आहे. युद्धानंतर मिशनरी बॅप्टिस्ट मंडळी पुन्हा भरू लागली, ती दक्षिणेच्या समर्थकांना वगळून. मेथडिस्टांमध्येही याच कारणावरून फूट पडली.

बांधणी. पहिली चर्च ओंडक्यांची होती; मेथडिस्टांच्या जुन्या चर्चला मातीची जमीन व मधोमध शेकोटी होती. आजच्या तिन्ही वास्तू सुताराने उभारलेल्या सांगाड्याच्या आहेत. जोते सलग नाही. सुट्या दगडी खांबोळ्यांवर तळाच्या तुळया टेकतात, त्यांवर उभे खांब व बाहेरून खालच्या फळीवर वरची फळी थोडी चढवून ठोकलेल्या आडव्या फळ्या. मेथडिस्ट चर्च जे. डी. मॅककॅम्पबेल या लोहार-सुताराने ११५ दिवसांत, ११५ डॉलरमध्ये बांधले व पुढे तेच तेथे उपदेशही करू लागले. प्रिमिटिव्ह चर्चमध्ये रंग, रंगीत काच किंवा वाद्य काहीच नाही. त्याच्या छताकडे नीट पाहिले, तर उघड्या लाकडावर हातांचे ठसे दिसतात. फळ्या हाताळणाऱ्यांच्या तळव्यांवरचे तेल व घाम न रंगवलेल्या लाकडात मुरला आणि वर्षे गेली तसा गडद झाला, हे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण. ज्यांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत, त्यांचे पंजे तेवढे राहिले आहेत.

मेथडिस्ट चर्चला समोरून दोन दारे आहेत आणि या दारांवर बरेच लिहिले गेले आहे. एक दार पुरुषांचे व दुसरे स्त्रियांचे, ही समजूत सर्वत्र आढळते. ॲपलाचियातील काही चर्चमध्ये स्त्री-पुरुष खरोखरच वेगळे बसत व मधोमध आडोसाही असे. मात्र दोन दारे हा तेवढ्यावरून वेगळ्या बैठकीचा पुरावा ठरत नाही. या भागातील दुखोली घरांनाही समोर दोन दारे असतात. सुताराच्या हातात बसलेला नमुना चर्चलाही लागू झाला असेल. येथील मंडळी एकत्र बसे आणि आराखडा वेगळ्या बैठकीच्या दुसऱ्या एका चर्चवरून घेतला होता, हे राष्ट्रीय उद्यान सेवेचे मत अधिक सयुक्तिक आहे.

या वास्तूंचा खरा शत्रू ओल. खोऱ्यात वर्षाला सुमारे १,४०० मिमी. पाऊस पडतो. खांबोळ्यांमधून वारा खेळत असेपर्यंत तुळया कोरड्या राहतात. भिंतीच्या कडेला पालापाचोळा साचला, किंवा धुऊन आलेल्या मातीने जमिनीची पातळी चढली, की तुळई खालून कुजते व वाळवीला वाट मिळते. मग भिंत एका बाजूला खचते, आणि पहिले लक्षण म्हणजे दारे चौकटीत अडकू लागतात. खांबोळ्यांमधली जागा सिमेंटने बुजवणे हा सर्वांत घातक उपाय, कारण आतली ओल आतच कोंडते. दुरुस्तीत इमारत जॅकवर थोडी थोडी उचलून तुळईचा कुजका तेवढाच भाग कापतात व त्याच जातीच्या लाकडाचा जोड देतात. एकदम उचलल्यास आतील फळ्यांचे सांधे उघडतात.

विधी. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्टांत प्रभुभोजनानंतर पाय धुण्याचा विधी होतो (बायबल, योहान १३). घंगाळ, कमरेला बांधलेला टॉवेल, पुरुष पुरुषांचे व स्त्रिया स्त्रियांचे पाय धुतात. गायन वाद्याविना. पुढाऱ्याने ओळ झपाट्याने म्हणायची व सर्वांनी ती संथपणे ओढत गायची, ही जुनी रीत आज पूर्व केंटकीतील ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्टांत अधिक जोमाने टिकून आहे. कोणी वारले, की मृताच्या वयाइतके टोले घंटेवर देत; टोले मोजून शेतावरच्या माणसाला कोण गेले ते समजे.

उन्हाळ्यातील ठरावीक रविवारी कबरी सजवण्याचा ‘डेकोरेशन’ दिवस असतो. आदल्या दिवशी गवत खरवडून माती उघडी करतात व कबरीवर लांबट उंचवटा रचतात. मृताचे पाय पूर्वेला असतात. झुरमुळ्या कागदाची फुले वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून लावतात, म्हणजे पावसात टिकतात. मेण थंड असेल तर पाकळ्यांवर गोळे बसतात. प्रार्थना व गाणी झाली, की आवारातच सर्वांचे जेवण होते. युद्धमृतांसाठीच्या १८६८ च्या राष्ट्रीय स्मृतिदिनातून ही प्रथा आली, असे पूर्वी मानत. लोकसाहित्याचे अभ्यासक ॲलन जब्बूर यांनी ती त्याहून जुनी असल्याचे मांडले आहे व ते पटण्याजोगे आहे. मातीच्या उंचवट्याचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. आफ्रिकी, ब्रिटिश व मूळ अमेरिकी असे तिन्ही दावे केले जातात. माती खचू नये म्हणून ती चढवत, हे साधे कारणही नाकारता येत नाही.

उद्यान १९३४ मध्ये स्थापन झाले. जमीन सक्तीने घेण्याविरुद्ध पहिल्या वसाहतकऱ्याचे वंशज व प्रिमिटिव्ह मंडळीचे पाळक जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर न्यायालयात लढले, आणि १९३७ अखेर त्यांनी खोरे सोडले. शेते व घरे गेली, चर्च राहिली. १९७७ मध्ये हा परिसर ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत आला.

डोंगरापलीकडे नॉर्थ कॅरोलायनात, १९४४ मध्ये पुऱ्या झालेल्या फाँटाना धरणाच्या तलावाने उत्तर तीरावरील वस्त्यांकडे जाणारा रस्ता बुडवला. नव्या रस्त्याचे १९४३ चे आश्वासन अपुरे राहिले. बोगद्याशी संपणारा तुकडा तेवढा झाला व २०१० मध्ये ५२ दशलक्ष डॉलरचा भरपाई करार झाला. कबरी मात्र पलीकडेच आहेत. डेकोरेशनच्या रविवारी कुटुंबे फुलांच्या टोपल्या व जेवणाचे डबे घेऊन होडीने तलाव ओलांडतात आणि तेथून चढ चढून दफनभूमी गाठतात.