पुराच्या पाण्यातील इलेक्ट्रिक गाडी

साचलेल्या किंवा वाहत्या पाण्यातून जाताना, त्यात अडकून पडल्यावर आणि पाणी ओसरून गेल्यानंतर बॅटरीवर चालणारी मोटारगाडी (ईव्ही) कशी वागते, याचा विचार या नोंदीत केला आहे. या तीन अवस्थांपैकी तिसरीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते आणि धोका तिच्यातच जास्त असतो. पाण्यात गाडीचा शॉक बसेल ही सर्रास आढळणारी भीती मात्र बरीचशी अनाठायी आहे.

पेट्रोल किंवा डिझेल गाडीला जळणासाठी हवा लागते. हवा ओढणाऱ्या नळीतून पाणी सिलिंडरमध्ये शिरले की पिस्टनला ते दाबता येत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जाते. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा पुन्हा स्टार्टर मारणे म्हणूनच महागात पडते. ईव्हीला अशी नळी नाही, सायलेन्सर नाही, क्लचही नाही. मोटर शून्य वेगापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे गुडघ्याखालच्या पाण्यातून हळू आणि एकसारख्या वेगाने जाणे तिला इंजिनाच्या गाडीपेक्षा सोपे जाते.

मुख्य बॅटरीचा विद्युतदाब बहुतेक गाड्यांत ३०० ते ४०० व्होल्ट, तर काहींत ८०० व्होल्टच्या आसपास असतो. तिचे धन आणि ऋण असे कोणतेही टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेले नसते. दोन्ही नारिंगी वेष्टनाच्या केबलींतून स्वतंत्रपणे जातात. हे इन्सुलेशन शाबूत आहे की नाही, याची मोजणी गाडी स्वतः करत राहते. ते ढासळले तर चालकाला इशारा मिळतो आणि बिघाड गंभीर असेल तर कॉन्टॅक्टर, म्हणजे बॅटरी जोडणारा-तोडणारा विजेवर चालणारा स्विच, उघडून बॅटरी उरलेल्या गाडीपासून तोडली जाते. तुंबलेल्या रस्त्यावर विजेचा खरा धोका असतो तो दिव्याच्या खांबांचा, तुटलेल्या तारांचा आणि पाण्याखाली गेलेल्या मीटरच्या पेट्यांचा.

जाहिरातींत बॅटरीबद्दल ‘आयपी ६७’ हा शब्द ठळकपणे येतो. त्याचा अर्थ इतकाच, की ती पेटी धूळरोधक आहे आणि १ मीटर खोल, स्थिर, गोड्या पाण्यात ३० मिनिटे ठेवल्यास आत अपायकारक प्रमाणात पाणी शिरत नाही. हा दर्जा पेटीचा आहे, गाडीचा नव्हे. चाचणी नव्या पेटीवर होते. चार-पाच वर्षे खड्ड्यांतून आपटलेल्या, गॅस्केट जुने झालेल्या पेटीवर नाही. कोल्हापूर-सांगलीला २०१९ मध्ये किंवा चिपळूणला जुलै २०२१ मध्ये आला तसा पूर तर अर्ध्या तासात ओसरत नाही, आणि त्याच्यासोबत गाळ, माती, डिझेल, सांडपाणी असे सगळेच येते. चालकाने पाहायचा आकडा वेगळा आहे: कंपनीने माहितीपुस्तिकेत दिलेली पाण्यातून जाण्याची कमाल खोली. टाटा पंच ईव्हीसाठी ती ३५० मिमी आहे, हॅरियर ईव्हीसाठी ६०० मिमी. हे मोजमापसुद्धा संथ पाण्याचे आणि माणसाच्या चालण्याच्या वेगाचे असते. वेग वाढला की पुढे लाट उठते आणि ३०० मिमीचे पाणी बॉनेटपर्यंत चढते. शेजारून बस गेली तरी तेच होते.

गाडी जड आहे, म्हणून वाहून जाणार नाही, हा समजही चुकीचा. तळाचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर धरला, तर पाणी तळाच्या वर दर १० सेंमी चढताना सुमारे ६०० किलोचा उचल देते. १,४०० किलोची गाडी या हिशेबाने तळावर २५ सेंमी पाणी चढायच्या आतच तरंगू लागते, चाकांची पकड सुटते आणि मग मोटरच्या जोराचा काही उपयोग उरत नाही. बॅटरीची पेटी सपाट आणि बंदिस्त असल्याने ईव्हीच्या तळातून पाणी सावकाश आत येते, म्हणजे ती तरंगत राहण्याची शक्यता उलट वाढते. चीनच्या बीवायडीने यांगवांग यू८ ही गाडी आणीबाणीत ३० मिनिटे तरंगेल अशी मुद्दाम घडवली. तो अपवाद आहे.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. काचा खाली होईनात, कुलपे उघडेनात, अशा अवस्थेत बंद गाड्यांत अडकून माणसे गेली. त्यानंतर अनेक मुंबईकर गाडीत हातोडी ठेवू लागले. ईव्हीच्या बाबतीत ही काळजी कमी होत नाही. दरवाजे, काचा आणि खुद्द कॉन्टॅक्टर हे सगळे १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर चालते आणि तीच पाण्यात गेली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी निर्जीव होते. ज्या गाड्यांची दारे बटणाने उघडतात, त्यांत हाताने उघडण्याची वेगळी कळ असते. मागच्या सीटसाठी ती कधी गालिच्याखाली तर कधी दाराच्या कप्प्यात लपवलेली असते. ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला कोरड्या दिवशीच दाखवून ठेवावे. बाजूच्या काचा लॅमिनेटेड, म्हणजे दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असलेल्या, असतील तर हातोडीने त्या फुटून पडत नाहीत, हेही आधी तपासावे.

पाणी ओसरल्यावरचा धोका खाऱ्या पाण्यात सर्वाधिक असतो. मीठ विरघळलेले पाणी वीज चांगली वाहून नेते. ते बॅटरीच्या पेटीत शिरले तर वेगवेगळ्या विद्युतदाबाच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये विद्युतप्रवाह सुरू होतो, हायड्रोजन सुटतो, धातू गंजू लागतो. पाणी वाळते, मिठाचा थर मागे राहतो आणि हवेतल्या ओलाव्याने तोच पुन्हा वाहक बनतो. अशाने बॅटरीतली एखादी सेल (तिचा छोटा घटक) तापली की शेजारच्या सेलही तापत जातात. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन चक्रीवादळाने समुद्राचे पाणी आत घुसले. भिजलेल्या हजारो ईव्हींपैकी काही डझन नंतर पेटल्या, काही तर टो करून नेताना. प्रमाण थोडे, पण आग विझवायला हजारो लिटर पाणी लागते आणि विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते. दोष नेहमी मोठ्या बॅटरीचाच असतो असेही नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळानंतर न्यू जर्सीतील नेवार्क बंदरात फिस्कर कर्मा या १६ गाड्या जळाल्या. कंपनीच्या तपासात सुरुवात एका गाडीच्या नियंत्रक यंत्रात निघाली: मिठाने गंज चढून शॉर्ट सर्किट झाले आणि त्याला वीज पुरवली ती १२ व्होल्टच्या बॅटरीने. बाकी काम वाऱ्याने केले.

मुंबईत हा प्रश्न थेट लागू पडतो. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या दिवशी मुसळधार पाऊस आला की नाल्यांचे पाणी समुद्रात जात नाही, आणि खाडीलगतच्या वस्त्यांत साचलेले पाणी निव्वळ पावसाचे राहत नाही. असे पाणी सीटपर्यंत आलेली ईव्ही इमारतीच्या स्टिल्टखाली किंवा बेसमेंटमध्ये परत लावू नये. अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा यंत्रणा अशी गाडी इमारती व इतर वाहनांपासून ५० फूट, म्हणजे सुमारे १५ मीटर दूर उघड्यावर ठेवायला सांगते. आपल्याकडच्या सोसायट्यांत एवढी जागा क्वचितच असते, म्हणून पावसाळ्याआधीच ती ठरवलेली बरी.

भिजलेली गाडी सुरू करून बघू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. भिंतीवरच्या चार्जरचा मेन स्विच पाणी चढण्याआधी बंद करावा. गाडी न्यायची ती चारही चाके उचलणाऱ्या फ्लॅटबेडवर, कारण चाके फिरली की मोटरही फिरते आणि जनरेटरसारखी वीज तयार करते. वर्कशॉपमध्ये कनेक्टर उघडल्यावर पिनांवर हिरवट थर दिसला, तर फक्त पुसून भागत नाही. तेवढा हार्नेस (तारांचा जुडगा) बदलून इन्सुलेशन मोजावे लागते. गिअरपेटीचे तेलही पाहावे लागते. गरम गिअरपेटी पाण्यात एकदम थंड झाली की आत हवेचा दाब घटतो आणि सीलमधून किंवा ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या छिद्रातून) पाणी ओढले जाते. असे तेल दुधासारखे पांढरट दिसते. विम्याच्या साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान येते, पण पाण्यात गाडी चालवत राहिल्याने किंवा भिजल्यावर सुरू केल्याने वाढलेल्या नुकसानीवर दावा नाकारला जाऊ शकतो. बॅटरीसाठीचे संरक्षण अनेक कंपन्या वेगळा हप्ता घेऊन देतात.