जेट बदलण्याआधी पेट्रोल मोजा

जुन्या ३५० सीसी बुलेटला छोटी टाकी, उघडा कोन फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर बसवला, की दहा-पंधरा मिनिटं गाडी झकास पळते. मग चढावर मिसिंग, आणि बंद. लगेच मेन जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकाच्या मुख्य नळीवर, खापर फुटतं. पण जेटचं भोक दहा मिनिटांनी लहान होत नाही.

बंद पडल्या पडल्या फ्लोट बाऊलचा, म्हणजे कार्ब्युरेटरखालच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीचा, खालचा ड्रेन स्क्रू सैल करा. बाऊल भरलेला असेल तर पेट्रोल पोचतंय. तापलेली इग्निशन कॉइलही (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी) हेच नखरे करते, तिकडे बघा. बाऊल रिकामा असेल तर टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि बाऊल भरू लागला, तर झाकणातलं हवेचं छिद्र बुजलंय. पेट्रोल उतरतं तसा टाकीतला दाब घटतो आणि खाली येणारी धार अडते.

तरीही कोरडंच? इंजिन गार झाल्यावर कार्ब्युरेटरची पेट्रोलची नळी काढून मापाच्या बाटलीत मिनिटभर पेट्रोल सोडा. वीसेक एचपीचं इंजिन फुल थ्रॉटलला मिनिटाला साधारण १०० मिलि पितं. बाटलीत निदान २०० मिलि यावं, आणि तेही टाकी रिझर्व्हला आलेली असताना. छोट्या टाकीत उंचीचा दाब मुळातच कमी, त्यात कारचा कागदी फिल्टर लावला की धार बारीक होते. तो फिल्टर पंपासाठी असतो.

आता जेट. उघड्या फिल्टर-सायलेन्सरमुळे हवा जास्त येते, पेट्रोल तेवढंच, म्हणून मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी पडलेलं. पेट्रोलमधलं २० टक्के इथेनॉल त्यात भरच घालतं, कारण इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊन येतं.

थ्रॉटलची मूठ आणि हँडलवर चिकटपट्टी लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. मिकुनी व्हीएमसारख्या कार्ब्युरेटरमध्ये पहिल्या पाव भागात पायलट जेट (कमी थ्रॉटलचा छोटा जेट), पाऊणपर्यंत निडल (मुठीबरोबर वरखाली होणारी सुई), पुढे मेन जेटचं चालतं. निडलची क्लिप एक खाच खाली घेतली की निडल वर येते, मिश्रण रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच बदल. मिश्रणाच्या स्क्रूवरून दोन मेकॅनिक भांडतात आणि दोघंही बरोबर असतात: स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आवळला की रिच; इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आवळला की लीन.

फुल थ्रॉटलवर मूठ किंचित सोडताच गाडी उचल घेत असेल, तर मेन जेट एक नंबर मोठा लावा. मात्र हे सपाटीवर ठरवा. महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, हवा सुमारे आठव्या हिश्शाने विरळ असते. तिथे मिश्रण आपोआप रिच होतं, म्हणून प्लग थोडा काळपट निघणारच.