सुरक्षित काळ व त्याविषयीचे तरुणींचे ज्ञान

मासिक पाळीच्या चक्रातील ज्या दिवसांत समागम होऊनही गर्भ राहण्याचा संभव कमी असतो, त्यांना ‘सुरक्षित काळ’ म्हणतात. कुटुंबनियोजनाच्या पाहण्यांत तरुणींची माहिती जोखताना हा प्रश्न बहुधा असतोच. गोळ्या, कंडोम, तांबी ही नावे सहज सांगणाऱ्या मुलीही येथे अडखळतात.

संस्कृत ग्रंथांतील ‘ऋतुकाल’ म्हणजे याच्या उलट, गर्भधारणेस योग्य काळ. तो सुश्रुतसंहितेत 12, तर मनुस्मृतीत 16 रात्रींचा आहे. आजच्या माहितीशी दुसरा आकडा अधिक जुळतो. मात्र त्यामागे अंडमोचनाची, म्हणजे स्त्रीबीज अंडाशयातून बाहेर पडण्याची, कल्पना होती असे मानणे धाडसाचे होईल. एकोणिसाव्या शतकातील यूरोपीय वैद्यांनी प्राण्यांच्या माजावरून स्त्रीचे अंडमोचन पाळीच्या सुमारास होते असे ठरवले आणि दोन पाळ्यांमधले दिवस निर्धोक म्हणून सांगितले. हा सल्ला घातक होता, कारण गर्भ राहण्याचा संभव त्याच दिवसांत अधिक असतो. जपानचे क्यूसाकू ओगिनो यांनी 1924 मध्ये अंडमोचन पुढील पाळीच्या 12 ते 16 दिवस आधी होते असे मांडले. ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस यांनी त्याच दशकाच्या अखेरीस, स्वतंत्रपणे, पुढील पाळीपूर्वीचा पंधरावा दिवस धरला. यावरून सुरक्षित काळ मोजण्याची पद्धत दोघांच्या नावे ओळखली जाते. तरी अग्रमान ओगिनोंचा, आणि एका नेमक्या दिवसाऐवजी काही दिवसांची मुभा ठेवणारे त्यांचे मतच अधिक ग्राह्य वाटते. गर्भ टाळण्यासाठी या गणिताचा वापर स्वतः ओगिनोंना पसंत नव्हता.

मोजणी पुढच्या पाळीपासून मागे करायची, आणि ती पाळी तर अजून यायची असते. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षे ती अनियमित असणे स्वाभाविक असल्याने कोवळ्या वयात हा हिशेब फारच बेभरवशाचा ठरतो. शुक्रजंतू सुमारे 5 दिवस, स्त्रीबीज जेमतेम एक दिवस टिकते. 26 ते 32 दिवसांचे चक्र असणाऱ्यांसाठी पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे दिवस वर्ज्य मानणारी पद्धत आहे. नेहमीच्या वापरात तीही वर्षाला शंभरातील सुमारे 12 स्त्रियांच्या बाबतीत फसते. लिंगसांसर्गिक रोगांपासून सुरक्षित काळ मुळीच संरक्षण देत नाही.

पाहण्यांत ‘दोन पाळ्यांच्या मध्यावर’ हे गर्भधारणेच्या काळाचे बरोबर उत्तर धरतात. ‘पाळी संपताच’ हे उत्तर वारंवार येते व चूक म्हणून नोंदले जाते. परंतु ज्या मुलीचे चक्र 22 दिवसांचे आहे, तिच्यापुरते ते खरे असू शकते. तेव्हा एवढ्यावरून तिला अज्ञानी ठरवणे अन्यायाचे आहे. जे विचारल्यास चारित्र्यावर शंका घेतली जाईल अशी धास्ती असते, ते मुली मैत्रिणींकडून ऐकीव स्वरूपातच मिळवतात. अविवाहितांविषयीची माहिती त्रोटक आहे, कारण सुरुवातीच्या अनेक पाहण्यांत केवळ विवाहित स्त्रियांनाच प्रश्न विचारले गेले.