तीच लस पुन्हा पुन्हा का? पिल्लांच्या व मांजरांच्या लसीकरणाविषयी आमच्या ग्राहकांसाठी माहिती

पिल्लाला पहिल्यांदा आमच्या चिकित्सालयात घेऊन येणारे बहुतेक पालक एक प्रश्न हमखास विचारतात: तीच लस तीन-चार वेळा कशासाठी टोचायची? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट समजले नाही तर लसीकरण मध्येच सुटते, म्हणून हे पत्रक मुख्यतः त्यासाठीच लिहिले आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवशी पिल्लू आईचा चीक पिते व त्यातून आईची तयार प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी प्रथिने, त्याच्या रक्तात उतरतात. ही प्रतिपिंडे काही आठवडे पिल्लाचे रक्षण करतात. मात्र त्याच काळात टोचलेली लसही ती निष्प्रभ करून टाकतात. ती नेमकी कधी ओसरतील हे बाहेरून पाहून सांगता येत नाही. एकाच वेतातील एका पिल्लाची आठव्या आठवड्यातच संपतात, तर दुसऱ्याची थेट सोळाव्या आठवड्यापर्यंत टिकतात. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिला डोस देऊन पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचे होईपर्यंत किंवा त्यानंतरही, लस दिली जाते. यातील प्रत्येक डोस म्हणजे लसीचा एकेक हप्ता नव्हे. आईकडून आलेले संरक्षण संपले आणि लस लागू पडली, असा क्षण हाती लागावा म्हणून केलेला तो पुन्हा पुन्हा प्रयत्न असतो. साहजिकच सोळाव्या आठवड्याचा किंवा त्यानंतरचा डोस सर्वांत महत्त्वाचा, आणि पिल्लू तोपर्यंत अंगाने भरलेले, खेळते दिसू लागल्यामुळे नेमका तोच चुकवला जातो. सहा महिन्यांच्या ते एक वर्षाच्या वयात आणखी एक डोस दिला जातो, तोही ज्यांना आधीची लस लागू पडली नसेल त्यांना गाठण्यासाठीच.

कुत्र्यांमध्ये या डोसांमधून डिस्टेंपर, पार्व्हो व संसर्गजन्य हिपॅटायटिस या विषाणूजन्य आजारांपासून संरक्षण मिळते. मांजरांमध्ये पॅनल्युकोपेनिया, हर्पिस व कॅलिसी या विषाणूंपासून. मालिका पूर्ण झाल्यावर या लसी साधारणपणे दर तीन वर्षांनी पुरतात. अधिक वेळा टोचल्याने अधिक संरक्षण मिळते असे नाही, त्यामुळे आम्ही तसे सुचवत नाही. लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट वेगळी आहे. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरणारा हा आजार जिवाणूंचा असून त्याच्या लसीचा प्रभाव वर्षभरच धरावा लागतो. रेबीजची लस सर्वसाधारणपणे बाराव्या आठवड्यापासून, मग एका वर्षाने, व त्यापुढे लसीच्या प्रकारानुसार आणि स्थानिक नियमानुसार दिली जाते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर प्राणी वाचत नाही, म्हणून या तारखेबाबत आम्ही सवलत देत नाही. आपल्या प्राण्याची लस झालेली असली, तरी कोणत्याही प्राण्याने माणसाला चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

“आमची मांजर घराबाहेर पाऊलही टाकत नाही,” असे आम्हांला सांगितले जाते. मांजर जात नसेल, पण आपल्या चपला जातात. पॅनल्युकोपेनिया व पार्व्हो यांचे विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतात आणि अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरलाही दाद देत नाहीत.

लस टोचण्यापूर्वी आम्ही प्राण्याला तपासतो. ताप, जुलाब किंवा जंतांचा मोठा त्रास असल्यास तारीख पुढे ढकलतो. कित्येक लसींच्या बाटलीच्या तळाशी पांढऱ्या वडीसारखी कोरडी लस असते; ती आपल्यासमोरच द्रावणात विरघळवून लगेच टोचली जाते आणि बाटलीवरची चिकटपट्टी, बॅच क्रमांकासह, आपल्या कार्डावर लावली जाते. ती लावली आहे ना, हे अवश्य पाहावे. लस 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमानातच टिकते, उष्णतेने बिघडते आणि गोठल्यानेही. म्हणून बाहेरून विकत घेऊन पिशवीतून आणलेली लस आम्ही टोचत नाही, याबद्दल कृपया गैरसमज नसावा.

लस टोचल्यानंतर एक-दोन दिवस प्राणी मलूल राहणे, कमी खाणे किंवा टोचलेल्या जागी हात लावू न देणे हे स्वाभाविक आहे. तोंड सुजणे, वारंवार उलट्या होणे किंवा श्वास लागणे ही लक्षणे मात्र बहुधा पहिल्या काही तासांतच दिसतात. तेव्हा दूरध्वनीवर वेळ न घालवता प्राण्याला थेट घेऊन यावे. मांजरीच्या अंगावर टोचलेल्या जागी आलेली गाठ महिन्यानंतरही वाढत असेल, दोन सेंटिमीटरहून मोठी असेल किंवा तीन महिने उलटूनही राहिली असेल, तर ती आम्हांला दाखवावी.

मालिका पूर्ण होईपर्यंत कुत्र्याच्या पिल्लाला अनोळखी कुत्र्यांच्या वावराच्या जागी जमिनीवर सोडू नये. तरीही त्याला कोंडून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही, कारण माणसांची व आवाजांची सवय याच वयात लागते. त्याला कडेवर घेऊन फिरवावे, आणि लसीकरण झालेल्या ओळखीच्या कुत्र्यांशी भेटू द्यावे.

एखादी तारीख हुकली असल्यास संकोच न करता तसे सांगावे. सोळा आठवड्यांहून मोठ्या प्राण्यासाठी सहसा सगळी मालिका पहिल्यापासून करावी लागत नाही. किती डोस द्यायचे हे वय व जुन्या नोंदी पाहून ठरवता येते. त्यासाठी जुने कार्ड, फाटलेले असले तरी, सोबत आणावे.