हवेतलं पाणी असतं तरी किती?

थंड पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला की थोड्या वेळात बाहेरून थेंब जमतात ना, ते पाणी ग्लासातून झिरपलेलं नसतं, ते आजूबाजूच्या हवेतलंच असतं, गार काचेला लागून वाफेचं परत पाणी झालेलं. ढग पण असेच बनतात, फक्त तिथे काचेऐवजी धुळीचे नाहीतर मिठाचे बारीक कण असतात.

पृथ्वीवर एकूण पाणी साधारण 138 कोटी घनकिलोमीटर आहे, त्यातलं 97 टक्के खारं, गोड्यातलं बरंचसं बर्फात अडकलेलं. आणि हवेत? जेमतेम 13 हजार घनकिलोमीटर, म्हणजे लाखातला एक भाग! सगळी वाफ एकदम खाली आली तर पृथ्वीभर फक्त अडीच सेंटिमीटर पाणी साचेल. पण जगाचा सरासरी पाऊस वर्षाला 1 मीटरच्या आसपास आहे, म्हणजे एवढीशी शिल्लक वर्षातून चाळीसेक वेळा रिकामी होते आणि परत भरते. मला तर हे जलचक्रातलं सगळ्यात भारी वाटतं. वाफेचा हवेतला मुक्काम आठ-दहा दिवसांचा, समुद्रात तेच पाणी हजारो वर्षं राहतं.

आता हवामान बदलाचं. एकूण पाणी काही कमी होत नाहीये, बदलतंय ते त्याचं येणं-जाणं. तापमान 1 अंशाने वाढलं की हवेत साधारण 7 टक्के जास्त वाफ मावते, पण जगाचा एकूण पाऊस मात्र अंशामागे 2-3 टक्केच वाढतो, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, ती हवेला अवकाशात सोडावी लागते आणि ते काम तेवढ्या वेगाने वाढत नाही. मग होतं काय, पडतो तेव्हा धो धो पडतो आणि मधली उघडीप लांबते. वाफ स्वतःच उष्णता अडवते, त्यामुळे तापणं अजून वाढतं ते वेगळंच.

उघडिपीत ही तापलेली हवा जमिनीतला ओलावा ओढून घेते, वाळत घातलेला कपडा कडक उन्हात पटकन सुकतो ना, तसंच. माती वरून कडक होते, त्यावर एकदम जोराची सर आली की पाणी आत मुरायच्या आधीच वाहून जातं, वरची सुपीक माती घेऊन, आणि वीतभर खाली उकरून बघितलं तर कोरडंच असतं.