संरक्षण व्हिसा नाकारला: ट्रायब्युनल वेगळं, कोर्ट वेगळं

ऑस्ट्रेलियात संरक्षण व्हिसाचा, म्हणजे मायदेशी छळाची भीती असलेल्यांना आसरा देणाऱ्या व्हिसाचा, अर्ज फेटाळला गेला की जो तो सांगतो, 'अपील कर.' या एका शब्दाने फार नुकसान होतं, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

आधी येतं अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रायब्युनल. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जुन्या एएटीच्या (अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह अपील्स ट्रायब्युनलच्या) जागी आलं. तिथला सदस्य, म्हणजे निर्णय देणारा अधिकारी, अख्खं प्रकरण नव्याने तपासतो: मायदेशी परतल्यावर या माणसाचा खरंच छळ होईल का? म्हणून नवे कागद, साक्षीदार, गावाकडची बदललेली परिस्थिती, सगळं इथेच मांडायचं. काहीही मागे ठेवू नये.

तिथेही नकार मिळाला, तर फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्ट. पण न्यायाधीश तुमच्या भीतीचा निवाडा करत नाहीत. ट्रायब्युनलने निर्णय कायद्याला धरून दिला का, एवढंच ते पाहतात. आपल्याकडे कलम २२६ खाली हायकोर्टात रिट करतात, त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे.

समजा, एकाने दोन कारणं सांगितली: पक्षाचं काम आणि धर्मांतर. ट्रायब्युनलने धर्मांतराचा विचारच केला नाही, तर ती अधिकारक्षेत्राची चूक, म्हणजे कायद्याने सोपवलेलं कामच नीट न केल्याची चूक. तिच्यामुळे निकाल बदलू शकला असता, तर कोर्ट निर्णय रद्द करू शकतं. मात्र दोन्ही कारणं नीट ऐकून, सबळ कारणं देऊन 'आमचा विश्वास बसत नाही' असं म्हटलं असेल, तर न्यायाधीशांना स्वतःला तो माणूस खरा वाटला तरी तेवढ्यावर निर्णय रद्द करता येत नाही. हे ऐकायला कठोर वाटतं. पण वकिलाने पहिल्याच भेटीत सांगायला हवं ते हेच. म्हणून कोर्टासाठी जपून ठेवलेल्या नव्या पुराव्याचा सहसा उपयोग होत नाही.

कोर्टात जिंकलात तरी व्हिसा हातात पडत नाही. प्रकरण ट्रायब्युनलकडे परत जातं आणि तिथे पुन्हा नकारही येऊ शकतो. हरलात, तर समोरच्या पक्षाचा, म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या मंत्र्यांच्या बाजूचा, खर्च सहसा तुमच्यावर येतो. नाव मात्र गुप्त राहतं; निकालपत्रात अर्जदाराच्या जागी काही अक्षरं आणि आकडे असतात.

कोर्टाची मुदत ३५ दिवसांची. ती निर्णयाच्या तारखेपासून मोजतात, पत्र हाती पडल्याच्या दिवसापासून नव्हे. उशीर झाला तर मुदतवाढ मागता येते, पण ती द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. म्हणून निर्णय आला की आधी त्यावरची तारीख पाहा.